अब्बांचा आवाज काढला

दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी लॅबमध्ये माझा कोड भिंतीवर लावला. प्रोजेक्टरवर, सगळ्या वर्गासमोर.

गेम डिझाइन अँड डेव्हलपमेंटची डिग्री. अमरावतीतलं खाजगी कॉलेज. काम साधं होतं. स्क्रीनवर एक गाडी चालवायची, समोर काही आडवं आलं की ती थांबली पाहिजे, आणि का थांबली ते प्रोग्रामनं सांगितलं पाहिजे. बाकीच्यांनी कार केली, बाईक केली. मी बंडी केली. बैलबंडी. कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. इंग्रजी शब्द मला पटकन सुचायचे नाहीत. माझं डोकं ज्या भाषेत चालतं त्या भाषेत मी नावं दिली होती, फक्त अक्षरं इंग्रजी. बंडी चालत असेल तर 'बंडी चालून राहिली'. थांबली तर 'काहून थांबली'.

सर मोठ्यानं वाचू लागले. एकेक ओळ, सूर लावून.

"बंडी चालून राहिली. काहून थांबली. हे बघा, हे आहे वऱ्हाडी कोडिंग."

वर्ग हसला.

"कॉम्प्युटरला कळतं का हे?"

"कळते सर," मी म्हणाले.

"कळते नाही. कळतं."

वर्ग पुन्हा हसला. पहिल्यापेक्षा जास्त.

मग सर थोडे जवळ आले आणि समजुतीनं विचारतात तसं त्यांनी विचारलं, "पण तुम्ही लोक तर घरी उर्दू बोलता ना? मग हे कुठून उचललं?"

भिंतीवर माझी बंडी चालत होती. दगड आला की थांबत होती, दगड काढला की निघत होती. एकही चूक नव्हती तिच्यात. ते कोणी पाहिलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नावं इंग्रजीत ठेवावीत हा नियम मला मान्य होता. कोड दुसऱ्यालाही वाचता आला पाहिजे, एवढी अक्कल मला होती. सरांनी 'नावं बदल' म्हटलं असतं तर मी बसल्या जागी बदलली असती. पण त्याच आठवड्यात तन्मयच्या कोडमध्ये त्याच्या कुत्र्याचं नाव निघालं होतं. ब्रूनो वन, ब्रूनो टू, ब्रूनो फायनल. तेव्हाही सर हसले होते, पण पाठीवर थाप मारून. कुत्र्याचं नाव चाललं. माझ्या घरातली क्रियापदं चालली नाहीत.

आणि हसणारे तरी कोण? पुण्याचे असते तर एकवेळ समजलं असतं. निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे. त्यांच्या आज्या 'मले-तुले' करतच म्हाताऱ्या झाल्या. बाप लोकांनी पैसा केला, अमरावतीच्या कॅम्प भागात बंगले बांधले आणि पहिलं काम काय केलं तर भाषेवर फिनाइल मारलं. स्वतःच्या आजीला हसता येत नाही, म्हणून ते मला हसले.

त्या दिवसापासून माझं नाव 'राहिली' पडलं. हजेरीला मागून कोणीतरी म्हणायचं, "आली का ती, की राहिली?" निकाल लागला की, "पास झाली की राहिली?" पुढची तीन वर्षं माझ्या खऱ्या नावानं मला वर्गात फार थोड्यांनी हाक मारली.

आम्ही पिंजारी. मूर्तिजापूरला स्टेशनाच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत पिंजायचं काम. अब्बा गाद्या, उश्या, रजया भरतात. आधी खांद्यावर कापूस पिंजायचं पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, आता गुडघे गेले म्हणून घरीच मशीन टाकलं आहे. आमच्या घरात वऱ्हाडीच बोलतात. नमाजापुरती अरबी, बाजारापुरती हिंदी, आणि भांडायला, रडायला, लाड करायला वऱ्हाडी. उर्दू आमच्यात कोणालाच येत नाही. म्हणजे शुद्ध मराठीवाल्यांना मी अशुद्ध, आणि जी भाषा माझी म्हणून लोक माझ्या गळ्यात मारतात ती मला वाचताही येत नाही.

शेतकऱ्याचं पीक बुडालं की पेपरात येतं. पिंजाऱ्याचं बुडालेलं कोणी लिहीत नाही. आमचं शेत नाही, त्यामुळे नुकसानीची नोंद नाही. पण पराटी, म्हणजे कपाशी, गेली की लोकांचा घरचा कापूस पिंजायला येत नाही, लग्नं पुढं ढकलली जातात, आणि ज्या घरात लग्न नाही त्या घरात नवी गादी भरत नाहीत. बोंडअळीच्या वर्षी अख्ख्या दिवाळीत आमचं मशीन बंद होतं. अम्मीनं त्याच्यावर पापड वाळत घातले होते.

अशा घरातून मी गेम शिकायला गेले. लोक म्हणाले, खेळ काय शिकायचा असतो का. अकोल्याच्या मामाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर सुट्टीभर बसून मी एक छोटा गेम केला होता, उशीत रुई भरायचा. फार भरली तर उशी फाटायची, कमी भरली तर गिऱ्हाईक परत पाठवायचं. अब्बांनी तो पाऊण तास खेळला आणि म्हणाले, "हे जे तू करून राहिली ना बेटा, हे शिक." बस, एवढ्या शब्दावर मी निघाले होते.

आणि तिथं जाऊन मी काय केलं? मी सुधारले. 'कळतं' म्हणायला शिकले. 'का' म्हणायला शिकले. कोडमधली नावं एका बैठकीत इंग्रजी केली. बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायचं आणि मग बाहेर काढायचं. तोवर बोलायची वेळ निघून जायची, म्हणून मग बोलणंच कमी केलं. लोक म्हणायचे, शांत मुलगी आहे.

यातलं सगळ्यात वाईट अजून सांगितलेलं नाही. मी तिसऱ्या वर्षाला असताना पहिल्या वर्षाला हिवरखेडची एक मुलगी आली. कँटीनमध्ये ती म्हणाली, "मले चहा नाही लागत." सगळे हसले. मीही हसले. मुद्दाम, जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या मुलीनं फक्त माझ्याकडे पाहिलं, बाकी कोणाकडे नाही. बाकीच्यांचं हसणं तिला नवीन नसावं. माझं तिला ओळखू आलं. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आला. चौघांची टीम. तन्मय लीडर. त्याच्या वडिलांची बियाण्यांची एजन्सी आहे, अर्ध्या जिल्ह्यात त्यांचं बी जातं. ईशा चित्रं आणि आवाज बघणार. चौथा मुलगा नावापुरता. आणि कोड माझा. गेममधला पाऊस, जमीन, पीक, माणसांचं चालणं-वळणं, सगळं मी लिहिणार. गेम असा, की शहरात शिकलेला एक हिरो गावाकडे परत येतो आणि आळशी, अडाणी गावाला सुधारतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. पण पुण्याच्या एका स्टुडिओची माणसं परीक्षक म्हणून येणार होती, त्यांना एक-दोन मुलं नोकरीला हवी होती. मी गप्प बसले. गप्प बसायची सवय तोवर चांगली मुरली होती.

एक दिवस तन्मय म्हणाला, "आपल्याला ऑथेंटिक साउंड पाहिजे. तुझ्या घरी जाऊ."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या घरी कोणी येतंय याचं बरं वाटलं.

ते तिघं रविवारी आले, तन्मयच्या कारनं. अब्बांनी सकाळपासून झाडून घेतलं होतं. पण रुईची धूळ ती, पुन्हा बसते. बसायला काय द्यायचं हा प्रश्न पडला. आमच्या घरात गिऱ्हाइकाच्या नव्या गादीवर कोणी बसत नाही. गादी मालकाची, पहिलं बूड मालकाचं. लहानपणी मी एकदा नुसतं लोळले होते तर अब्बांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उचलला. त्या दिवशी मात्र त्यांनी एका लग्नाची भरून ठेवलेली नवी गादी काढली आणि स्वतः अंथरली. "बसा बाबू, बसा." तन्मय बुटासकट मांडी घालून बसला. अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

ईशानं माईक काढला. अब्बांनी जुनं पिंजण खुंटीवरून उतरवून त्याची तांत, ताणलेली दोरी, वाजवून दाखवली. मग तन्मय म्हणाला, "चाचा, काहीतरी बोला ना. गावात बोलता तसं."

"काय बोलू बाप्पा? तुमी इचारा, मी सांगतो."

"यंदा कसं आहे पीक-पाणी?"

अब्बा खुश झाले. कॉलेजातली मुलं आपल्याला विचारतायत. ते नीट सरळ बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. "यंदा पराटी लई डौलात व्हती. बोंडं भरली. अन् फोडून पाह्यलं त काय, अळीच अळी. अळीच अळी. कापूसच नाही त लोकं गादी कायची भरतीन? फवारे मारू मारू मानसं बिमार पडले, अळी नाई मेली. मंग मी घरोघर जाऊन म्हनलं, नवी नका भरू, जुनी त पिंजून घ्या. तेही नाई जमलं कोनाले."

तन्मय मान डोलावत होता. बियाणं कोणाच्या एजन्सीचं होतं ते अब्बांना ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नाही. पण त्यानं विचारलंही नाही.

जाताना अब्बांनी तिघांना एकेक छोटी उशी दिली. म्हणाले, "माहा आवाज पुन्याले जाईन म्हना."

आवाजाचं काम ईशाकडे होतं. तिनं दिलेल्या फायली मी न ऐकताच जोडल्या होत्या. ऐकलं थेट डेमोच्या दिवशी, कॉलेजच्या हॉलमध्ये. परीक्षकांच्या आठवडाभर आधी असतो तसा अंतर्गत डेमो, सगळे वर्ग बोलावलेले.

गेममध्ये गंप्या नावाचा एक दारुडा होता. पाराखाली पडलेला. खेळणाऱ्यानं त्याच्याजवळ जाऊन बटण दाबलं की हिरो त्याला पायानं ढोसायचा आणि गंप्या काहीतरी बरळायचा. एवढंच त्याचं काम. तन्मयनं बटण दाबलं.

"काय बोलू बाप्पा?"

माझ्या अब्बांचा आवाज. थोडा ओढून लांब केलेला, झिंगल्यासारखा.

हॉल हसला. तन्मयनं पुन्हा दाबलं. हिरोनं पुन्हा लाथ घातली.

"अळीच अळी. अळीच अळी."

हॉल फुटला. लोक बाकांवर हात आपटत होते. सर डोळे पुसत होते. तन्मय दाबत राहिला आणि अब्बा बोलत राहिले. लाथ, अळीच अळी. लाथ, गादी कायची भरतीन. लाथ, अळीच अळी. मागच्या रांगेतली मुलं तालात म्हणू लागली.

गंप्याचं शरीर लाथेनं कसं हलतं, तो कोलमडून पुन्हा कसा बसतो, तो कोड माझा होता. मी लिहिलेला. हात माझे होते, असं म्हटलं तरी चालेल.

खाली उतरल्यावर मी तन्मयला म्हणाले, "तो आवाज काढ."

"अगं, सुपरहिट झाला तो. तुझे अब्बा स्टार झाले."

"त्यांनी ते दारुड्यासाठी दिलं नव्हतं."

"गेम आहे यार. इतकं काय मनावर घेतेस."

सरांकडे गेले. ते म्हणाले, "ह्यूमर आहे. तुम्ही लोक फार सेन्सिटिव्ह असता." पुन्हा 'तुम्ही लोक'. त्यात नक्की कोण कोण येतं हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं.

त्या रविवारी घरी गेले. अब्बांनी दारातच विचारलं, "माहा आवाज लावला का?"

"लावला."

"मंग? हासले का लोक?"

मी सांगितलं. गंप्या, दारू, लाथ, सगळं. ते मशीनची मूठ पुसत ऐकत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "हासू दे ना. हासनारं गिऱ्हाईक तुटत नाही."

तेव्हा मला एक गोष्ट समजली जी वीस वर्षं डोळ्यांसमोर होती. अब्बा गावोगाव फिरायचे तेव्हा प्रत्येक दारात विनोद करायचे. "काकू, अशी गादी भरून देतो का मालक उठनारच नाई. अन् उठले त मले बोलवा." बाया हसायच्या. मला वाटायचं माझे अब्बा किती मजेशीर आहेत. ते मजेशीर नव्हते. परक्या गावात, परक्या अंगणात, खांद्यावर धनुष्यासारखं हत्यार घेतलेला मुसलमान माणूस. हसवलं नाही तर दार उघडत नव्हतं. हसवणं हा त्यांच्या धंद्याचा भाग होता, रुईसारखा, दोऱ्यासारखा. लोक आपल्या बोलण्याला हसतात की आपल्याला हसतात, हा हिशोब त्यांनी कधी मांडलाच नाही, कारण मांडला असता तर दुसऱ्या दिवशी पिंजण उचलवलं नसतं.

मला त्यांचा राग आला. मग त्या रागाचा राग आला.

परत गेले आणि टीमला सरळ सांगितलं, "परीक्षकांसमोरच्या बिल्डमध्ये तो आवाज नसेल." बिल्ड म्हणजे गेमची शेवटची पक्की प्रत. ती मी बनवायचे. तन्मय म्हणाला, "तुझ्यात दम नाही." चार वर्षांचा अनुभव होता त्याला. त्याचंही काही चुकलं नाही.

परीक्षक आले. दोघं होते, एक बाई, एक माणूस. तन्मयनं इंग्रजीत गेम समजावला. पाऊस दाखवला, पीक वाढताना दाखवलं. परीक्षक खुश दिसत होते. मग तो गंप्याजवळ गेला आणि सरांकडे बघून हसला. बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. हिरोचा पाय पुढं आला आणि हवेत थांबून मागं गेला. लाथही मी काढली होती. गंप्या पाराखाली बसून होता, उठून बसलेला, समोर बघत.

"साउंडचा काहीतरी प्रॉब्लेम आहे सर."

"बिल्ड कोणी केलं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

मी उभी राहिले. "मी केलं. प्रॉब्लेम नाही. आवाज मी काढला."

सर म्हणाले, "तू बस. खाली बस."

"नाही बसत सर."

वाक्य मनात धुऊन घ्यायला वेळ नव्हता. घेतलंही नाही. "तो आवाज माह्या बापाचा हाय," मी म्हणाले. "त्यानं जिंदगीत दारूले हात नाई लावला. ह्या पोरांइले त्यानं गिऱ्हाइकाच्या नव्या गादीवर बसवलं, जिथं आमी कदी बसलो नाही. बोंडअळीनं आमचा धंदा कसा बसला ते सांगतलं. अन् हे त्याले लाथा मारू मारू तेच बोलवून राहिले होते. आता नाई बोलनार तो."

कोणी हसलं नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही. कोणी हसलं नाही, पण कोणी काही बोललंही नाही. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. माणसानं घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "शाल वी मूव्ह ऑन?" आणि पुढची टीम आली.

नोकरी तन्मयला मिळाली. पाऊस फार छान पडतो असं ते म्हणाले म्हणे. तो पाऊस माझा होता.

चार दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टीमच्या कामाची नासधूस केल्याबद्दल माझे प्रोजेक्टचे मार्क रोखले होते. टेबलावर एक टाइप केलेला कागद. 'माझ्या भावनिक आणि अपरिपक्व वर्तनामुळे' अशी सुरुवात. मी माफी मागते, मूळ आवाज पूर्ववत बसवून देते, अशी शेवटची ओळ. खाली माझं नाव. खरं नाव, पूर्ण, एकही चूक न करता. पहिल्यांदाच.

"सही कर. विषय संपव."

"नाही करत सर."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ द्या."

"चालली कुठे? मी काय म्हणतो ते नीट ऐक." मी ऐकलं नाही. चार वर्षं नीटच ऐकलं होतं.

वर्ष गेलं. अब्बा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, "एक सहीच त होती. माहा आवाज होता, मले काही नव्हतं, त तुले काहून होतं?" त्यांनी हसवून आमची पोटं भरली, आणि मी त्या हसण्यावरच थुंकले, असं त्यांना वाटत असेल. वाटू दे. त्यांना दुसरं दार कोणी उघडलं नव्हतं. मला विनोद करून कोणाचंही दार उघडायचं नाही. बंद राहिलं तर राहू दे, मी लाथ घालीन.

परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला आहे. प्रोजेक्ट या वेळी एकटीचा. कॉलेज तेच, केबिन तीच, सर तेच. शेवटी तोंडी परीक्षा असते. ती मी माझ्या तोंडानं देणार आहे.